नर्सरीतलं स्वस्त झाड आणि बोन्सायची खरड छाटणी

बोन्साय करायचं मनात आलं की बहुतेक जण ट्रेमधलं तयार झाड विकत आणतात, नाहीतर बी रुजवून वाट बघत बसतात. तयार आणि खरंच चांगलं असलेलं झाड हजारोंच्या घरात जातं. बियापासून कुंडीत मनगटाएवढा बुंधा करायचा तर दहा-पंधरा वर्षं सहज जातात. नवशिक्यासाठी या दोन्हींपेक्षा चांगली वाट आहे. नर्सरीच्या मागच्या कोपऱ्यात उंच वाढून बेढब झालेलं, पण बुंध्याला जाड असलेलं झाड दोन-तीनशे रुपयांत मिळतं. ते आणायचं आणि त्याचा वरचा बहुतेक भाग कापून टाकायचा. नाशिक-सांगलीकडचे द्राक्ष बागायतदार दर एप्रिलात खरड छाटणी करतात, ओलांड्यावरच्या, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवरच्या काड्या एका डोळ्यावर (कोंबाच्या जागेवर) आणतात आणि वेल नव्या जोमाने फुटते. इथली छाटणी त्याच जातीची आहे. फरक इतकाच, की आपण काडीऐवजी खोडच कापतो.

हे झाडाला सोसतं कसं? शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते खाली उतरत राहतं. तोवर सालीखालचे डोळे निजलेले असतात. शेंडा गेला की हा दाब सुटतो. खाली पाच फुटी झाडाला पोसणारी मुळं आहेत आणि वर खोड उरलंय वीतभर, त्यामुळे बुंध्यात आणि मुळांत साठलेलं सगळं अन्न त्या डोळ्यांच्या वाट्याला येतं. फुटवे जोरात येतात, आणि नेमके आपल्याला हवे तिथे, म्हणजे खाली येतात. विजेच्या तारांखाली दरवर्षी छाटल्या जाणाऱ्या रस्त्याकडेच्या नांदरुकी बघा, एका पावसात पुन्हा भरतात. बोन्साय म्हणजे झाडाचा छळ असं कुणी म्हणालं की मला हीच झाडं आठवतात. छळ झालाच तर तो पिशवीत मुळं गुंडाळून वर्षानुवर्षं विसरलेल्या झाडाचा होतो. आपण त्याला मोकळी माती, खत आणि ऊन देणार असतो.

झाड कुठलं

पहिलं झाड फायकसच घ्या. नर्सरीत ज्याला नुसतं ‘फायकस’ म्हणतात ते बहुधा आपल्या नांदरुकीचं भावंड असतं. त्यातल्या ‘पांडा’ आणि ‘लाँग आयलंड’ या जातीही चालतात. उघड्या खोडावर, एकही पान नसताना नवे डोळे फोडायची ताकद या झाडात भरपूर आहे, आणि पाण्यात थोडं मागं-पुढं झालं तरी ते समजून घेतं. बेंजामिना हे फायकसच, दिसायलाही तसंच, पण स्वभावाने वेगळं आहे. त्याच्या फांदीवर एकही हिरवं पान ठेवलं नाही तर ती फांदी बऱ्याचदा वाळून जाते.

बोगनवेल, कामिनी, चिंच, बार्बाडोस चेरी ही दुसऱ्या वर्षाची झाडं. बोगनवेल छाटणीनंतर झकास फुटते, पण तिचं लाकूड लवकर कुजतं, म्हणून कापलेली जागा नीट बंद करावी लागते. जेडही सोपं आहे, मात्र त्याच्या पानाखोडात पाणी भरलेलं असतं, त्यामुळे कापल्यावर आठवडाभर पाणी तोडायचं आणि मुसळधार पावसात त्याला आडोशाला ठेवायचं.

मोरपंखी आणि जुनिपर या पद्धतीने कधीच कापू नका. त्यांच्या पानं नसलेल्या जुन्या लाकडावर नवा डोळा येत नाही. हिरवं संपलं की फांदी संपली. आंबा-चिकूची कलमंही नकोत. कलमाचा सांधा बुंध्यावर आयुष्यभर दिसत राहतो, आणि सांध्याच्या खाली कापलं तर उरतं ते फक्त खुंटाचं, म्हणजे ज्यावर कलम बांधलं ते रोप.

नर्सरीत गेल्यावर

दर्शनी रांगेत ‘बोन्साय’ अशी पाटी लावून ठेवलेल्या, एस आकारात वळवलेल्या किंवा बटाट्यासारख्या फुगीर मुळांच्या झाडांपाशी थांबू नका. त्यांचा आकार पक्का झालेला असतो, वर कलम बांधलेलं असतं आणि किंमतही जास्त. सरळ विचारा, “काका, मागं जुनं फायकस आहे का, पिशवी फोडून जमिनीत गेलेलं?” अशी झाडं जवळजवळ प्रत्येक नर्सरीत असतात. कुणी घेत नाही म्हणून ती तिथेच राहिलेली, पिशवीच्या भोकातून मुळं जमिनीत उतरलेली, आणि म्हणूनच बुंध्याला सुटलेली. माळ्याला ती जागा अडवून बसलेली वाटतात, त्यामुळे भावही हसतमुखाने कमी होतो.

आता वर बघू नका. पानं किती, घेर किती, उंची किती, यातलं काहीच आपल्या कामाचं नाही, ते सगळं कापलं जाणार आहे. खाली बसा आणि बोटाने पिशवीतली वरची तीन-चार सेंटिमीटर माती बाजूला करा. नर्सरीत झाडं बहुतेक वेळा गरजेपेक्षा खोल लावलेली असतात, त्यामुळे खरा बुंधा मातीखाली असतो आणि वरून दिसतो त्याहून जाड निघतो. बोट बुंध्याभोवती गोल फिरवा. वेगवेगळ्या दिशांना जाणारी निदान तीन जाड मुळं, साधारण एकाच पातळीवर लागली पाहिजेत. बुंध्यापासून पसरत गेलेल्या या मुळांना जपानी मंडळी नेबारी म्हणतात, आणि झाड म्हातारं वाटतं ते मुख्यतः त्यांच्यामुळे. फांदी नव्याने वाढवता येते, शेंडा वाढवता येतो, पण चांगला मुळांचा पाया करायला वर्षं जातात. म्हणून एकाच बाजूला मुळं असलेलं झाड कितीही जाड असो, सोडून द्या. मुळाने बुंध्याला फास घातला असेल तर तेही सोडा.

मग जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतचं खोड बघा. तिथे थोडा वाक हवा, आणि वर जाताना ते बारीक होत गेलेलं असेल तर फारच छान. सरळसोट नळीसारखं खोड असेल तर किंमत अर्धी केली तरी घेऊ नये, असं माझं मत. शेवटी पानं तपासा. मधोमध दुमडून मिटलेली पानं म्हणजे आत फुलकिडे आहेत, पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, आणि खोडावरून मुंग्यांची रांग जात असेल तर कापूस कुठेतरी दडलेला आहे असं समजा. निंबोळी तेलाने दोन्ही आटोक्यात येतात, पण घरी आणल्यावर ते झाड बाकीच्या कुंड्यांपासून पंधरा दिवस लांब ठेवा.

जमिनीत मुळं गेलेलं झाड उपटताना माळी ती मुळं तोडतो. अशा झाडाला लगेच हात लावायचा नाही. महिनाभर सावलीत ठेवा, नवी पालवी दिसू लागली की मग छाटणी. झाडाला एका वेळी एकच घाव द्यायचा, हा नियम पुढेही पाळायचा आहे. फायकस वर-खाली दोन्हीकडून एकदम कापलेलं सोसतं हे खरं, पण पहिल्याच झाडावर ती परीक्षा घ्यायचं कारण नाही.

वेळ

पुणे, नाशिक, कोल्हापूरकडे मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा फायकससाठी उत्तम. ऊबही असते आणि हवेत दमट ओलावाही येऊ लागतो. कोकणात आणि गोव्यात थोडं आधी, मेच्या मध्यावर कापा, म्हणजे धो-धो पाऊस लागायच्या आत जखम सुकते आणि डोळे फुगतात. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यातल्या ४४-४५ अंशांत उघडं खोड भाजून निघतं, तिथे पाऊस स्थिरावेपर्यंत थांबा. फेब्रुवारी-मार्च हा दुसरा चांगला काळ, सगळीकडे चालणारा. ऑक्टोबर उलटला की कापू नका. थंडीत फायकस सुस्त असतं आणि उघडं खोड तसंच दोन-तीन महिने ताटकळत राहतं.

कापायचं किती

इथे हात अडतो. पाच फुटी हिरवंगार झाड समोर असतं आणि त्यातलं वीतभर ठेवायचं असतं. आकडा आधी ठरवला की हात अडत नाही.

पक्क्या बोन्सायची उंची बुंध्याच्या जाडीच्या सहापट धरतात. मुळांच्या लगेच वर खोडाची जाडी ४ सेंमी असेल, तर तयार झाड २४ सेंमी उंच होईल. पहिला काप त्या उंचीच्या एक तृतीयांशावर, म्हणजे ८ सेंमीवर घ्यायचा. वरचं सगळं खोड आपण नव्या फुटव्यापासून घडवणार आहोत. नवा फुटवा जुन्या खोडापेक्षा बारीक असतो, त्यामुळे झाड खाली जाड आणि वर निमुळतं होतं. मोठं झाड डोळ्याला मोठं भासतं ते याच निमुळतेपणामुळे. घाबरून २० सेंमीवर कापलं तर खाली-वर सारखीच जाडी राहते आणि तुमच्याकडे पानं लावलेला खुंटा तयार होतो. मग तोच दुसऱ्यांदा कापावा लागतो आणि एक वर्ष फुकट जातं.

कापण्याआधी झाड पाटावर किंवा स्टुलावर ठेवून डोळ्यांच्या पातळीला आणा आणि हळूहळू गोल फिरवा. मुळं जिथून सगळ्यात रुंद दिसतात आणि खोड किंचित आपल्याकडे झुकलेलं वाटतं, ती झाडाची दर्शनी बाजू. तिथे कुंडीच्या काठावर खडूने खूण करा. कापाची मोठी जखम मागच्या बाजूला जाईल असं बघायचं आहे.

प्रत्यक्ष काप

लागतं ते थोडंच: घडीची बारीक दात्यांची करवत, धारदार सिकेटर (छाटणीची कात्री), कटर, स्पिरिटचा बोळा, ओलं फडकं, आणि जखमेला लावायला तयार कट पेस्ट किंवा बागायतदार वापरतात ती बोर्डो पेस्ट. बोर्डो घरी करायची तर मोरचूद १ भाग, चुना १ भाग आणि पाणी १० भाग. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, आणि लोखंडी भांडं वापरायचं नाही. हातमोजे घाला. फायकसचा चीक कातडीला खाजतो, डोळ्यात गेला तर फार त्रास देतो, आणि कपड्यावरचा डाग जात नाही.

हत्यारं स्पिरिटने पुसा. आधी सिकेटरने वरचा पसारा उतरवा, म्हणजे करवत चालवताना वजनाने खोड फाटणार नाही. मग ठरवलेल्या उंचीच्या दीड-दोन सेंमी वर, म्हणजे आपल्या उदाहरणात साधारण १० सेंमीवर, आडवा सरळ काप घ्या. तिरपा आत्ता नको. कापाच्या टोकाचं लाकूड थोडं वाळत खाली उतरतं, आणि ते कुठे थांबेल हे फुटवे आल्यावरच कळतं. तेवढ्यासाठी हा जास्तीचा ठोंब ठेवायचा. करवत सालीपलीकडे जाताच पांढरा चीक कडेने गोल उमटतो आणि मधलं लाकूड कोरडं दिसतं. ओलं फडकं दाबून धरा, पाण्याचा फवारा मारा, काही मिनिटांत चीक थांबतो. मग कटरने सालीची फाटकी कड गुळगुळीत करा. भरून येणारी नवी साल याच कडेपासून सुरू होते, म्हणून दोन मिनिटं जास्त गेली तरी चालतील. जागा कोरडी झाल्यावर पेस्ट लावा, कडेवर जरा जाड.

ठरवलेल्या उंचीच्या खाली एखादी बारीक फांदी असेल तर ती राहू द्या.

कापलेला वरचा भाग टाकून देऊ नका. अंगठ्याएवढ्या जाड फांद्याही पावसाळ्यात मातीत खोचल्या की मुळं धरतात. पानं काढून, बुडाशी स्वच्छ काप घेऊन सावलीत लावा. पुढची दोन-तीन झाडं फुकट मिळतात.

नंतरचे दोन महिने

सगळ्यात जास्त झाडं याच काळात पाण्याने मरतात. पानं नाहीत, म्हणजे पाणी उडून जायची वाट बंद आहे, आणि आपण मात्र काळजीपोटी रोज ओतत राहतो. वरची माती बोटाच्या पेरभर कोरडी लागेल तेव्हाच पाणी द्या. नर्सरीची लाल चिकणमाती पावसात आठवडाभर ओली राहू शकते, म्हणून संततधार लागली की कुंडी पत्र्याखाली घ्या. सकाळचं ऊन हवंच. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेलं खोड फुटायला उशीर करतं. खत अजिबात नको.

दोन ते चार आठवडे खोड तसंच दिसेल. शंका आली तर नखाने साल अगदी टोकरा, खाली हिरवं असेल तर झाड ठीक आहे. मग सालीवर मोहरीएवढे फुगवटे येतात, फायकसमध्ये बहुधा कापाच्या कडेला आणि जुन्या पानांच्या वणांवर, आणि पाहता पाहता दहा-पंधरा धुमारे निघतात. त्यांना पाच-सहा पानं येऊ द्या. निवड त्यानंतर.

ती मात्र टाळू नका. कापापाशी सगळे फुटवे एकत्र वाढले की तिथे गाठ सुजते, आणि ती पुढे कधीच जात नाही. कापाजवळचा एक दमदार फुटवा शेंडा म्हणून ठेवा. खोड डावीकडे झुकलं असेल तर उजवीकडचा निवडा, म्हणजे वाक तयार होतो. त्याखाली एक फांदी डावीकडे, एक उजवीकडे, एक मागे, आणि तिन्ही वेगवेगळ्या उंचीवर. दर्शनी बाजूला थेट आपल्या तोंडावर येणारी फांदी खाली नको. बाकीचे बोटाने मोडून टाका. आता खत सुरू: १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरभर पाण्याला १ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, आणि महिन्यातून एकदा मूठभर निंबोळी पेंड.

नवा शेंडा पेन्सिलीएवढा जाड झाला की ठेवलेला ठोंब त्याच्या मागून खाली उतरता, तिरपा कापा आणि पुन्हा पेस्ट लावा. याने जुनं खोड आणि नवा शेंडा एका रेषेत येतात.

वाढू द्या, मग कापा

पुढची पद्धत चीनच्या ग्वांगडोंग भागातल्या लिंगनान परंपरेची. जपानी बोन्सायचा मोठा भर थंड हवेत वाढणाऱ्या पाइन-मेपलवर आणि तारेवर आहे. लिंगनानचं हवामान उष्ण-दमट, झाडं भराभर वाढणारी, म्हणून तिथे फांदी मोकाट वाढू द्यायची आणि आखूड कापायची, हे तंत्र रुजलं. आपल्या हवेला ते फार छान जुळतं.

निवडलेला शेंडा आणि फांद्या यांना हात लावू नका. दोन-तीन फूट वाढू द्या. गच्चीत बेंगरूळ दिसेल, घरचे विचारतील बोन्साय कुठाय म्हणून, पण जाडी लांबीतूनच येते. सतत शेंडे खुडत राहिलात तर फांद्या सुतळीएवढ्याच राहतील. शेंड्याची जाडी खालच्या खोडाच्या निम्म्याहून जास्त झाली की त्याची दोन-तीन पेरं ठेवून बाकी कापा, आणि पुढचा फुटवा उलट दिशेचा निवडा. फांद्यांचंही तेच: पुरेशी जाड झाली की दोन पेरांवर. ज्या बाजूला डोळा, त्या बाजूला पुढची वाढ, म्हणून कापताना शेवटचा डोळा कुठे बघतोय ते आधी पाहायचं. दर कापाला फांदीला एक कोन मिळतो. अशा तीन-चार कोनांची फांदी तारेने वाकवलेल्या फांदीपेक्षा मला जास्त खरी वाटते.

तार तरीही पहिल्या वळणापुरती लागते. अॅल्युमिनियमची, फांदीच्या एक तृतीयांश जाडीची, ४५ अंशांत गुंडाळलेली. फांदी हिरवट असतानाच बांधा. पावसाळ्यात फायकस इतक्या वेगाने जाड होतं की तीन-चार आठवड्यांत तार सालीत रुतू लागते. दर आठवड्याला बघा, आणि काढताना उलगडू नका, कटरने तुकडे करून काढा.

मुळं आणि माती

मुळांचं काम दुसऱ्या वर्षी, पुन्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये किंवा पावसाच्या तोंडावर. झाड काढून काडीने माती मोकळी करा, सरळ खाली जाणारं सोटमूळ आणि जाड उतरती मुळं कापा, कडेला पसरलेली राखा. एकूण मुळांपैकी तिसरा हिस्सा ते निम्मी जातील. मग पसरट कुंडीत किंवा भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या टबात फरशीचा तुकडा ठेवून त्यावर झाड बसवा आणि मुळं चाकाच्या आऱ्यांसारखी पसरवा. फरशीमुळे त्यांना खाली जाता येत नाही. अंगण असेल तर हाच प्रकार जमिनीत करा, बुंधा कुंडीच्या कितीतरी आधी सुटतो.

मिश्रणात काळी माती नको. ती भिजली की चिखल आणि वाळली की दगड. चाळलेला विटांचा चुरा, २ ते ५ मिमी खड्याचा, निम्मा. उरलेल्यात गांडूळखत आणि कोकोपीट. कोकणात विटेऐवजी जांभ्याचे खडे चालतात. चाळताना खाली पडलेली धूळ टाकून द्या, तीच निचरा बंद करते. कुंडी भरल्यावर पाणी ओतून बघा: काही सेकंदांत खालून वाहू लागलं पाहिजे.

ट्रे

ट्रे विकत घ्यायची घाई सगळ्यांना असते. उथळ ट्रेमध्ये गेलं की झाडाची जाडी जवळजवळ थांबते, म्हणून खोड, शेंडा आणि मुख्य फांद्या हव्या तशा झाल्याशिवाय त्यात हलवू नका. फायकसला तीन ते पाच वर्षं द्या. ट्रेची लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश आणि खोली बुंध्याच्या जाडीएवढी असावी. भोकांवर जाळी टाका आणि भोकांतूनच तार ओवून झाड ट्रेला घट्ट बांधा. हलणाऱ्या झाडाची नवी मुळं तुटत राहतात. उन्हाळ्यात ट्रेला दोन वेळा पाणी लागेल आणि दुपारी ५० टक्क्यांची शेडनेट. दोन-तीन वर्षांनी पाणी वर साचून राहू लागलं की मुळांनी ट्रे भरला असं समजा, मग काढून मुळांचा तिसरा हिस्सा छाटा आणि ताज्या मिश्रणात पुन्हा लावा.